मतदानाच्या दिवशी मांडलेल्या चुली

पेपरात दोन ओळी आल्या. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी मतदान झाले, मतदारांत निरुत्साह दिसून आला. बास. त्याखाली सिमेंटची जाहिरात.

हे ज्यानं लिहिलं तो तिथं आला नव्हता. मी होते. मशीन सुरू होण्याआधीपासून शाळेचं फाटक बंद होईपर्यंत. मतदान कमी झालं हे खरं, लाज वाटावी इतकं कमी झालं. पण त्या दिवशी त्या वस्तीत जे चाललं होतं त्याला निरुत्साह म्हणायचं असेल, तर मला मराठी परत पहिलीपासून शिकावी लागेल.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. घरी बसून टॉवेल शिवणाऱ्या बायकांची आमची संघटना आहे सोलापुरात, तिच्यासाठी लिहिते, वाटते, भिंतींना चिकटवते. माणसाला त्याचा हक्क नीट, सोप्या भाषेत सांगितला की माणूस उठतो, यावर माझा विश्वास होता. अजून आहे बहुतेक. हल्ली तो विश्वास जरा दमलाय.

गाव सोलापूरपासून लांब नाही. कुंभारीकडून पुढं गेलं की लागतं. तिथला रस्ता मोठा झाला तेव्हा गावाचे दोन तुकडे पडले. एका अंगाला गाव, देवळं, शाळा, पंचायत आणि पाण्याची टाकी. दुसऱ्या अंगाला वस्ती. वस्तीतली माणसं मूळची मेंढरंवाली. आता मेंढरं मोजक्या घरांत उरलीत, पुरुष एमआयडीसीत यंत्रमागावर जातात आणि बायका घरी टॉवेलच्या कडा शिवतात. टाकीपासून वस्तीला जाणारा पाइप पूर्वी रस्त्याखालून जायचा. रस्ता रुंद करताना तो तुटला आणि तो परत जोडायचं कुणालाच सुचलं नाही. तेव्हापासून वस्तीतल्या बायका घागरी घेऊन चार पदरी रस्ता ओलांडतात. जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या. एकीला गाडीनं उडवलं. ती वाचली, पण कंबरेतून वाकून चालते.

त्या वस्तीतली एक बाई आमच्या संघटनेत यायची. तिला सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. वय माझ्याहून दहा-बारा वर्षांनी जास्त असेल. पाइपासाठी तिनं दर सरपंचाला अर्ज दिला होता आणि दर सरपंच ‘बघू की’ म्हणाला होता. या वेळी प्रभागातली बाईची जागा निघाली, तेव्हा अक्का म्हणाली, “आर्ज दिऊन बगितलं. आता ज्येंना आर्ज देत्यात त्येंच्यातच जाऊन बसते.” पंचायतीत वस्तीचं माणूस आजवर कधी बसलंच नव्हतं. अक्का निवडून आली असती, तर दर मासिक सभेत पाइपाचा विषय काढायला कुणीतरी तिथं असलं असतं. एवढीच गोष्ट होती. कुणाला ती फार मोठी वाटणार नाही. ज्यांच्या डोक्यावर घागर नसते त्यांना नाहीच वाटत.

पण गावानं बिनविरोध करायचं ठरवलं होतं. गावात एक मोठे शेतकरी आहेत, त्यांना सगळे मालक म्हणतात, त्यांच्या ओट्यावर हे ठरलं. बिनविरोध केलं की गावाला जादा निधी मिळतो, भांडणं होत नाहीत, पाहुण्यांत नाव होतं. सरपंच ठरला, बाकीच्या जागा ठरल्या. वस्तीच्या प्रभागातली बाईची जागा मालकांच्या चुलत भावजयीला गेली. तिनं आयुष्यात वस्तीत पाऊल टाकलेलं नव्हतं. अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सगळ्यांनी अर्ज मागं घेतले, अक्कानं घेतला नाही. तरी गावानं गुलाल उधळला, डीजे लावला. एका अर्जाला कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः वस्तीत आले. मी तिथंच होते, पत्रकांचा गठ्ठा सोडत होते.

“पोरी, गावाला गालबोट कशाला लावतीस?” मालक म्हणाले. “पाइपाचं आमी बगतोयच की.”

“बगताय तर बगा की मालक,” अक्का म्हणाली. “मी मेंबर झाले म्हनून तुमचं बगायचं थांबतंय व्हय?”

मालक हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, “ह्या सोलापूरच्या ताईंनी शिकवलंय वाटतं.” मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवते.

मग आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक घरात चहा झाला. प्रत्येक बाई म्हणाली, बरोबर हाय ताई तुमचं. पाण्याचं लई हाल हायत ताई. एकीनं तर माझं पत्रक देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलं. ‘मत देते’ असं कुणीच म्हणालं नव्हतं, हे माझ्या ध्यानात नंतर आलं. बोलत मी होते ना. बोलणाऱ्याला काय ऐकू आलं नाही ते कळत नाही.

मतदानाचा दिवस आठवड्यातला साधा कामाचा वार होता. दुपार कलायच्या आत शाळेतल्या बाईंनी शाईच्या बाटलीला टोपण लावून ठेवलं होतं. वर्गाबाहेर पोलीस व्हरांड्यात मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. प्रभागात गावाकडचीही काही घरं होती, तिथले लोकही येत नव्हते, कारण त्यांच्या लेखी निवडणूक कधीच संपली होती. चहाच्या टपरीवर एक म्हातारा मला विचारत होता, “गुलाल उदळला की त्या दिशी. आता परत कसलं मतदान?” मालकांचा पुतण्या जीप घेऊन फिरत होता. मालक फाटकाबाहेर खुर्ची टाकून फोनवर ओरडत होते, “आरं झोपलाय काय समदे? या की शाळंत! आपलंच हाय म्हनून घरी बसायचं आसतंय व्हय?” मला त्यांचं हसू येत होतं. माझ्या हिशेबानं वस्ती नुसती रस्ता ओलांडून आली असती तरी खेळ संपला असता.

वस्तीतून एक माणूस आलं नाही.

मी वस्तीत गेले. पुरुष पहाटेच मागावर निघून गेले होते, ज्यांची रात्रपाळी होती तेसुद्धा. बायका घरी होत्या. दारं सताड उघडी. कुणी शिवणयंत्रावर, कुणी ज्वारी पाखडत. कुणी लपलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. मी दारात उभी राहून तावातावानं बोलले. तुमच्या पूर्वजांनी, तुमच्या लेकरांचं, एक दिवस फक्त. माझी सगळी पत्रकं तोंडी म्हणून झाली. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या आणि उठत नव्हत्या. एक म्हणाली, “ताई, घसा सुकला आसंल. थोडं पानी घ्या.” रस्ता ओलांडून आणलेलं पाणी मला पाजत होती आणि रस्ता ओलांडून मत टाकायला येत नव्हती. मला इतका राग आला की मी पाणी न पिताच निघाले.

शाळेपाशी परत आले. अक्का फाटकापासून लांब, लिंबाखाली बसून होती. मी तिला पाण्याची बाटली दिली. तिनं डाव्या हातानं घेतली आणि माझी नजर तिच्या बोटावर गेली.

बोटाला शाई नव्हती. उमेदवाराच्याच.

“अक्का, तुम्ही मत दिलं नाही?”

तिनं हात पदराखाली घेतला. “न्हाय आजून.”

“का?”

“टाकता येत न्हाय.”

मग तिनं सांगितलं. सपाट आवाजात, मशीनवर कड शिवता शिवता बोलावं तसं. अर्ज भरायच्या आधीच, बिनविरोधचं ठरलं त्याच आठवड्यात, गावातली थोर मंडळी वस्तीतल्या बिरोबाच्या देवळात आली होती. घरटी एकाला बोलावलं. देवापुढच्या ताटातला भंडारा, म्हणजे हळद, प्रत्येकानं उचलली आणि शपथ घेतली, गावानं दिलेल्या माणसाच्या विरोधात मत टाकणार नाही. घरातल्या थोरल्यानं भंडारा उचलला की त्या चुलीवर जेवणारी सगळी माणसं त्यात येतात. अक्काच्या घरचा भंडारा तिच्या सासूनं उचलला होता.

“आणि हे तुम्ही मला आज सांगता?” मी ओरडलेच. व्हरांड्यातल्या पोलिसानं मान वर केली. “मग उभ्या कशाला राहिलात?”

“उबं ऱ्हायला भंडारा आड येत न्हाय की. मत टाकायला येतो.” तिनं शाळेकडं बघितलं. “मला वाटलं, बाकीचे शपत मोडतील. पानी त्येंस्नी बी पायजेच की.”

“आणि बाकीच्यांना वाटलं, तुम्ही मोडाल.”

“व्हय. तसंच झालं आसंल.”

तर एवढंच. सगळी वस्ती सकाळपासून एकमेकींच्या दाराकडं बघत बसली होती. आधी कोण उठतं ते बघत. आणि मी मध्येच उभी राहून लोकशाहीवर भाषण देत होते.

मी अक्काला ओढतच वस्तीत नेलं. तिची सासू उंबऱ्यात बसून शिवलेल्या टॉवेलांचे लोंबणारे दोरे कात्रीनं कापत होती. मी तिला आजी म्हणायचे. बाई किडकिडीत आणि कडक. मी बोलायला सुरुवात केली, शपथ घालून मत अडवणं हा गुन्हा आहे, मी तक्रार करू शकते, वगैरे.

“कर की,” आजी म्हणाली. “मग काय हुईल? परत मतदान? तवाबी भंडारा ह्याच हातानं उचललेला आसंल.”

“आजी, मशीनमध्ये कुणी कुणाला दिलं हे कुणालाच कळत नाही. गुप्त असतं.”

“कुनालाच न्हाय?”

“कुणालाच नाही. कायदाच आहे तसा.”

“आन मला? मी कुनाला दिलं त्ये मला बी कळत न्हाय व्हय?”

मी पिशवीतलं पत्रक काढलं आणि परत आत ठेवलं.

तेवढ्यात मालकांच्या पुतण्याची जीप दारात आली. “चल म्हातारे, बस गाडीत. मालकांनी धाडलंय.”

“कशाला रं?”

“मत टाकाय. भंडारा उचललाय न्हवं?”

“गावाच्या इरोधात टाकनार न्हाय म्हनलं हुतं. टाकायला येते म्हनलं न्हवतं.”

“मग घरी बसून काय करतीस?”

“दोरं कापतीया. दिसंना झालं व्हय तुला? तरनाताठा हायस की.”

तो पुढच्या घरी गेला. तिथंही कुणी जीपमध्ये बसलं नाही. त्याच्या पुढच्या घरीही नाही. मी बघत राहिले. अक्काच्या विरोधात जायला एकही बाई तयार नव्हती आणि अक्काच्या बाजूनं जायलाही नव्हती. हिला इमान म्हणायचं की भेकडपणा, मला अजून ठरवता येत नाही. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात भेकडपणाच म्हटलं होतं, आणि अजून काय काय म्हटलं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

अक्का सासूपाशी खाली बसली. कापून पडलेले दोरे गोळा करायला लागली. मग म्हणाली, “आत्या, आपली चूल येगळी झाली तर?”

आजीची कात्री थांबली.

“येगळी झाली तर तुजं तू. माजा भंडारा माज्या चुलीपुरता.”

“मग मांडू?”

“मला कशाला इचारतीस? येगळं हुनारं मानूस इचारून हुतंय व्हय?”

अक्का उठली. घराच्या बाजूला विटा पडलेल्या होत्या, त्यातल्या तीन आणून तिनं अंगणात मांडल्या. मला हे सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी म्हटलं, “अक्का, चुलीला कशाला वेळ घालवता, आत गॅस आहे की. त्यावर चहा करा, झालं वेगळं.”

“ग्यास आजून हिच्या गेलेल्या सासऱ्याच्या नावावर हाय,” आजी उंबऱ्यातनं म्हणाली.

“बरं, मग या चुलीवर चहा टाका.”

“च्यानं चूल येगळी होत न्हाय. भाकरी पायजे. आन खाल्ली बी पायजे.”

“आजी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?” मी विचारलं.

“मी कुनाच्या बाजूनं न्हाय. मी नीट सांगतीया.”

अक्कानं तुराट्या मोडून जाळ केला. तवा घरातला, पण तो तिच्या आईनं दिलेला होता म्हणून चालला. पीठ तिनं शेजारणीकडून उसनं घेतलं, कारण घरातलं पीठ एकत्रातलं. शेजारणीनं विचारलं, अक्कानं सांगितलं, आणि ती बातमी वस्तीत अशी पसरली, की इतके दिवस वाटलेली माझी पत्रकं तशी कधी पसरली नव्हती. “आगं, आक्का येगळी झाली! मत टाकाय!” एका दारातून एक सून बाहेर आली, सासूला म्हणाली, “मी बी मांडू का वो?” सासू म्हणाली, “मांड बाई. कवाधरनं तुज्या हातचं आळणी खातीया, सुटले मी.” दुसरीकडं मात्र भांडणच पेटलं. सासू म्हणाली, दिवसाढवळ्या घर मोडतीस, लेक कामावरनं आला की त्याला काय सांगू? सून विटा मांडतच राहिली.

बघता बघता अंगणाअंगणातून धूर निघायला लागला. बायका हसत होत्या. एकमेकींना “घरवाली झालीस की गं” म्हणून चिडवत होत्या. इतका वेळ गप्प बसलेल्या बायका त्या. फक्त एक जण तशीच उभी होती. तिला सासू-सासरे नव्हते, भंडारा तिच्या नवऱ्यानंच उचलला होता. “मी कुनाकडनं येगळी हू?” ती मला म्हणाली. मग तिनंच आत जाऊन आपली भरलेली घागर आणून मधोमध ठेवली. कारण एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं की पीठ मळायला पाणीच नाही. सकाळचं पाणी संपलं होतं, आणि जे होतं ते सासवांच्या माठातलं, ते घेता येत नव्हतं. त्या एका घागरीतून तांब्या तांब्या पाणी वाटलं गेलं. एवढ्याशा पाण्यात सगळ्यांच्या भाकरी व्हायच्या होत्या.

आणि त्यात पोलीस आला. मोटरसायकलवरून, मालकांनी पाठवलेला. पुतण्यानं फोन केला असणार की वस्तीत स्वयंपाक चाललाय.

“कुणी जेवण ठेवलंय? मतदारांना जेवण देता येत नाही, माहिताय ना?”

“कुनी न्हाय ठेवलं सायेब. ज्येची त्येची भाकरी ज्येनं त्येनं करायची चाललीय,” शेजारीण म्हणाली.

“सगळ्यांनी? अंगणात? एकाच वेळी?”

“भूक लागली,” अक्का तव्यावरून मान न उचलता म्हणाली.

तो चुलीचुलीपाशी फिरला. प्रत्येकीला नाव विचारलं, कुणाचं पीठ, कुणी दिलं. कालवण कुठंच नाही हे बघून गोंधळला. नुसत्या भाकरीची मेजवानी कोण देतं? शेवटी गेला, पण त्यानं घेतलेला वेळ गेला तो गेलाच. मी घड्याळ बघून बायकांना ओरडत होते, होऊ द्या कच्च्या, चला! आणि त्या ऐकत नव्हत्या. अक्काची भाकरी टम्म फुगली, तिनं एक तुकडा मोडून खाल्ला आणि तव्याखालचा जाळ बाहेर ओढला. पण बाकीच्यांच्या चुली मागून पेटल्या होत्या. कच्ची भाकरी उतरवून खोटी चूल करायची त्यांची तयारी नव्हती. म्हणजे ज्या शपथेला फसवायचं तिलाही नियमानं फसवायचं. मी कपाळाला हात लावला.

अक्का आणि पहिल्या काही जणी पुढं निघाल्या, रस्ता ओलांडून शाळेत पोचल्या. त्यांची मतं पडली. बाकीच्या घास तोंडात घेऊनच पळत आल्या. मी त्यांच्याबरोबर होते. तोवर एमआयडीसीतली पाळी सुटली होती, रस्त्यावर सायकली, मोटरसायकली, आणि कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. आम्ही अर्धा रस्ता ओलांडला आणि मधल्या कठड्यापाशी अडकलो. समोर शाळेचं फाटक दिसत होतं. ट्रॉल्या संपत नव्हत्या. शिपाई फाटकाला हात लावताना आम्हाला दिसला. बायकांनी हाका मारल्या, हात हलवले. त्याला बहुतेक वाटलं असेल, या बायका रोज तिथं तशाच उभ्या असतात.

आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. आतले अधिकारी चांगले होते, उगाच कशाला खोटं बोलू. म्हणाले, “मॅडम, तुम्ही आत असता तर रांगेतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या असत्या. बाहेरच्यांना नाही देता येत.” मी नियम सांगितला, घटना सांगितली, आवाज चढवला. ते म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण.” बायका फाटकापाशी उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. एकीच्या गालाला राख.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात मतमोजणी झाली. एकच मशीन, चहा यायच्या आत संपलं. अक्का पडली. फाटकाबाहेर राहिलेल्या बायका आत असत्या तर आली असती. मी हे तिथंच बोटांवर मोजलं आणि परत मोजलं, फरक पडणार असल्यासारखं. अक्कानं मोजलं नाही. ती म्हणाली, “ट्रॉल्या लई लांब आसत्यात.” मग थोड्या वेळानं, “बस हाय का वो आता? संद्याकाळी टावेल द्यायचेत.”

मला भांडायचं होतं. मी भंडाऱ्याबद्दल तक्रार लिहून काढली, कलमं टाकून. अक्का म्हणाली, साक्ष कोण देणार? आत्या देतील? ज्या बायकांनी त्या दिवशी चुली मांडल्या त्याही म्हणाल्या, ताई, राहू द्या. ज्येनं उचलला त्येनं पाळला, त्यात कुनाची तक्रार? तक्रार माझ्या पिशवीतच राहिली. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला कुठलाच कागद लिहावासा वाटत नव्हता.

त्यानंतर एकदा सकाळी मी वस्तीत गेले. पाइपासाठी रस्त्याच्या ऑफिसात सरळ अर्ज करायचा होता, त्यावर सह्या हव्या होत्या. मला वाटलं होतं, चुली एव्हाना मोडल्या असतील. काही मोडल्या होत्याही. आळणी जेवण करणारी सून परत सासूच्या चुलीवर आली होती, दोघींचं एकमेकींशिवाय चाललं नाही. पण बऱ्याच तशाच होत्या. अक्काची होती. पाऊस आला तर विझू नये म्हणून तिनं वर पत्रा टाकला होता.

“आता कशाला अक्का? मतदान होऊन गेलं.”

“दुसऱ्याच दिशी मोडली आसती तर ती चूल खोटी हुती म्हनले आसते सगळे. मग माजं मत बी खोटं, आन शपत बी मोडल्याली.” तिनं घागर उचलली. “वरीस तरी जाऊ द्या.”

तेवढ्यात आजी घरातून बाहेर आली. तिच्या काखेत लहान कळशी होती. माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. चूल वेगळी म्हणजे पाणीही वेगळं. सुनेच्या घागरीतलं पाणी आता सासूच्या माठात ओतता येत नव्हतं. सत्तरीची बाई रोज स्वतः रस्ता ओलांडून पाणी आणत होती. जिच्यासाठी पाइप हवा होता तिच्या घरातून आता एक घागर आणि वर एक कळशी निघत होती.

मी अक्काकडं बघितलं. ती म्हणाली, “माज्याकडं बगू नगा ताई. मी म्हनलं हुतं, रातच्याला गपचिप भरून ठेवते. त्येच नगं म्हनल्या.”

आम्ही तिघी निघालो. रस्त्यापाशी अक्का पुढं झाली, हात आडवा करून मोटरसायकली थोपवल्या, सासूला पुढं काढलं आणि मग स्वतः गेली. टाकीखाली तिनं आपली घागर भरली, आजीनं आपली कळशी भरली. अक्कानं तिच्या कळशीला हात लावला नाही. नुसती बाजूला उभी राहिली, आजीनं वाकून कळशी कंबरेवर घेईपर्यंत. आजीला ती पहिल्यांदा उचललीच नाही. पाणी सांडलं. अक्कानं दुसरीकडं बघितलं.

मी पुढं झाले. “आजी, द्या मी घेते.”

“तू कुनाच्या चुलीतली?”

“कुणाच्याच नाही. मी सोलापुरात मेसमध्ये जेवते.”

आजीनं थोडा विचार केला. मग कळशी माझ्याकडं दिली. “घे मग. हिंदकळू नगंस.”

कळशी जड होती. मधल्या कठड्यापाशी आम्हाला थांबावं लागलं. दोन्ही बाजूंनी ट्रक. कळशीतलं पाणी माझ्या कुर्त्यावर सांडत होतं, हात भरून आला होता आणि सह्यांचा कागद कुठं ठेवावा कळत नव्हतं. आजीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, उलटा धरून बघितला.

“ह्यावर माजी सही चालंल व्हय?”

“चालेल की. अंगठाही चालेल.”

“ह्यात गावाच्या इरोधात काय लिवलंय का?”

“नाही. फक्त पाइप मागितलाय.”

“मग देते,” ती म्हणाली. “पन ह्यो रस्ता तर सुटू दे आदी.”

ट्रक जात राहिले. अक्का डोक्यावरच्या घागरीला एक हात लावून दुसरा आडवा धरून उभी होती, मोकळी जागा सापडते का बघत.